खिओस: डिंकावर, दर्यावर आणि सौद्यावर जगलेलं ग्रीक बेट

निळाई

ग्रीक बेट म्हटलं की आपल्याकडे सँटोरिनीचे पांढऱ्या भिंतींचे फोटो पुढे येतात. मला बरेच दिवस खिओसबद्दल लिहायचं होतं. हे बेट पर्यटनावर मोठं झालेलं नाही. त्याची श्रीमंती, त्याचा सर्वनाश आणि पुन्हा उभं राहणं या सगळ्यामागे एक झाड आहे आणि समुद्र आहे. त्याहीपेक्षा जास्त आहे ते बलाढ्यांशी सौदा करून आपलं घर चालू ठेवायचं तिथल्या लोकांचं कसब. माझं म्हणणं एवढंच आहे की खिओसचा इतिहास हा त्या सौद्यांचा इतिहास आहे, आणि १८२२ मध्ये सौदा मोडला तेव्हा काय झालं हेही त्यातच येतं.

आधी भूगोल. एजियन समुद्राच्या पार पूर्वेच्या कडेला, तुर्कस्तानच्या चेश्मे द्वीपकल्पासमोर हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ८४० चौरस किलोमीटर, वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. ग्रीक बेटांत आकाराने पाचवं. मधली सामुद्रधुनी इतकी अरुंद (सुमारे ७ किलोमीटर) की खिओस शहराच्या धक्क्यावरून समोरचा किनारा उघड्या डोळ्यांनी दिसतो. अथेन्सचं बंदर पिरेयस मात्र बोटीने रात्रभराच्या अंतरावर.

बेटाच्या उत्तरेला चुनखडीचे उघडेबोडके डोंगर आहेत. सगळ्यात उंच पेलिनेओ, १,२९७ मीटर. तिथे शेतीला जमीन नाही, म्हणून तिथली गावं पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर गेली. मध्यावर, शहराला लागून, कांबोस नावाचा सपाट सुपीक पट्टा आहे. तिथे संत्र्या-मँडरिनच्या बागा, आणि बागांभोवती लालसर-पिवळ्या दगडाच्या दोन पुरुष उंच भिंती. दक्षिणेला ठेंगण्या, कोरड्या टेकड्या आहेत आणि त्या टेकड्यांवर मस्तकीचं झाड.

झाड पाहून कुणी थांबणार नाही. दोन-तीन मीटर उंच, वाकडंतिकडं, पिस्त्याच्या कुळातलं. पण त्याच्या सालीतून जो डिंक पाझरतो त्यासाठी इटलीतल्या जिनोव्हा शहराचे व्यापारी, ऑटोमन सुलतान आणि त्यांचं राणीवसं शतकानुशतकं या बेटावर डोळा ठेवून होते.

काम कसं चालतं ते सांगते, कारण तिथेच या बेटाची नाडी आहे. उन्हाळा लागला की झाडाखालची जमीन झाडून, चोपून, अंगणासारखी सपाट करतात. त्यावर चुनखडीची पांढरी भुकटी पसरतात. जुलैपासून खोडावर आणि जाड फांद्यांवर टोकदार अवजाराने बारीक, उथळ चिरा देतात. एकदम नाही, काही आठवडे, थोड्या थोड्या. चीर खोल गेली तर झाड दुखावतं. चीक थेंबाथेंबाने खाली त्या पांढऱ्या भुकटीवर पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत घट्ट होतो. तोवर पाऊस पडला तर मेहनत वाया. गोळा करायचं ते भल्या पहाटे, कारण ऊन चढलं की थेंब मऊ पडून चिकटतात. मग हिवाळाभर गावातल्या बायका घरात बसून चाळतात, धुतात, आणि एकेक खडा बारीक सुरीने खरवडून स्वच्छ करतात. एवढं करून एका झाडाचं वर्षाचं उत्पन्न दीडशे-दोनशे ग्रॅम. लावल्यापासून पहिली पाच-सहा वर्षं तेही नाही.

आता सौदे. १३४६ मध्ये सिमोने व्हिन्योझोच्या जिनोव्ही आरमाराने बेट घेतलं. आरमाराचा खर्च जहाजमालकांनी केलेला, आणि जिनोव्हाच्या तिजोरीत तो फेडायला पैसा नव्हता. म्हणून त्या मालकांना बेटाचं उत्पन्नच लावून दिलं. त्यांची भागीदारी झाली, माओना. भागीदारांनी पुढे ज्युस्तिनियानी हे एकच आडनाव घेतलं आणि १५६६ पर्यंत, म्हणजे दोनशेवीस वर्षं, एका कंपनीने बेटावर राज्य केलं. आपल्याला माहीत असलेली ईस्ट इंडिया कंपनी १६०० सालची. भागधारकांनी प्रजेवर राज्य करायचा प्रयोग त्याच्या अडीचशे वर्षं आधी इथे झाला होता, आणि मस्तकीची मक्तेदारी हा त्याचा कणा होता. चोरीला शिक्षा होत्या त्या अंगच्छेदापर्यंत. मेस्ता, पिर्गी ही दक्षिणेतली गावं आजही गढीसारखी दिसतात. बाहेरच्या घरांच्या पाठभिंती हाच गावाचा तट, मध्ये बुरूज, आत जायला मोजके दरवाजे. ते चाचे लोकांपासून संरक्षणासाठी होतं, आणि माल गावाबाहेर लपूनछपून जाऊ नये म्हणूनही.

१५६६ मध्ये पियाले पाशाने बेट ऑटोमन साम्राज्याला जोडलं. मस्तकीच्या गावांनी ठरलेला माल सरकारात भरायचा, बदल्यात हलके कर, स्वतःचे गावकारभारी, चर्चच्या घंटा वाजवायची मुभा. बाकी साम्राज्यातल्या ख्रिस्ती रयतेला हे मिळत नव्हतं. शहरातले व्यापारी रेशीम विणवून घेत, स्मिर्ना (आजचं इझमिर), कॉन्स्टँटिनोपल, मार्सेय, लिव्होर्नो इथे पेढ्या काढत. १८२२ च्या आधी लाखाच्या वर वस्तीचं हे बेट एजियनमधल्या सर्वांत संपन्न बेटांपैकी होतं.

पुढचं प्रतिसादांत बोलू.

---

वाटसरू_पूर्वेचा

उत्तम धागा. एक मूलभूत शंका. पिस्त्याच्या कुळातली ही झुडपं मोरोक्कोपासून तुर्कस्तानपर्यंत सगळीकडे उगवतात ना? मग डिंक खिओसच्याच दक्षिणेत का?

---

निळाई

झुडूप सगळीकडे उगवतं, बरोबर. व्यापारी प्रमाणात डिंक देणारा वाण मात्र खिओसच्या दक्षिण भागातल्या वीस-बावीस गावांतच जोपासला गेला. बेटाच्या उत्तरेलाही तो येत नाही. जमिनीतली चुनखडी, कोरडा उन्हाळा, थंडीत न गोठणारी हवा ही कारणं सांगतात. माझ्या मते शतकानुशतकं कलमं निवडून निवडून लावली, हे कारण तितकंच मोठं. तिथले लोक बी पेरत नाहीत, चांगल्या डिंकाच्या झाडाची फांदी लावतात, तीही शक्यतो नर झाडाची. समोर चेश्मेच्या बाजूला लागवडीचे प्रयत्न झालेत, पण बाजार अजून खिओसचाच आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये 'खिओसची मस्तकी' या नावाला संरक्षण दिलं. २०१४ मध्ये हे लागवडीचं ज्ञान युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं.

गावकऱ्यांचं उत्तर वेगळं आहे. तिसऱ्या शतकात संत इसिदोरला रोमनांनी छळून मारलं तेव्हा झाडं रडली, ते हे थेंब. थेंबांना ते आजही अश्रूच म्हणतात.

---

काष्ठौषधी_गल्ली

आमच्या घरचं काष्ठौषधींचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. 'रुमी मस्तकी' हा आमच्याकडचा जुना माल. युनानी हकीम जवारिश मस्तगी करायला नेतात, पोटाच्या तक्रारींवर. काही वैद्यही मागतात. पिवळसर, काचेसारखे, हरभऱ्याएवढे खडे. वास चीडासारखा, पण त्याच्यापेक्षा हलका.

भाव इतका की भेसळ होणारच. दुसऱ्या झाडाची स्वस्त राळ बेमालूम मिसळतात. आजोबांनी शिकवलेली परीक्षा सांगतो: एक खडा दाढेखाली धरा. खरी मस्तकी आधी फुटते, मग तोंडाच्या उबेने मऊ होऊन चघळता येते आणि पांढरट होते. नकली असेल तर पिठूळ भुगा होतो, एकजीव होत नाही. वजन, रंग, वास या सगळ्यात फसगत होते, पण दाढ फसत नाही.

हा माल एका बेटावरच्या बायका हिवाळाभर सुरीने खरवडत असतात हे तुमच्या लेखामुळे कळलं. खड्यांवर पांढरी पूड का असते याचंही उत्तर मिळालं, ती जमिनीवर पसरलेली भुकटी असणार.

---

निळाई

@काष्ठौषधी_गल्ली, ही माहिती माझ्यासाठी सोन्यासारखी आहे. चघळण्याची परंपरा तिथेही फार जुनी. कोलंबसने १४९३ च्या पत्रात नव्या मुलखातल्या संपत्तीचं वर्णन करताना 'आजवर फक्त ग्रीसमध्ये, खिओस बेटावर सापडलेली' मस्तकीही मिळेल असं आश्वासन दिलं होतं. सोन्याबरोबर, कापसाबरोबर मस्तकी! स्पेनच्या दरबाराला त्या डिंकाची किंमत समजावून सांगावी लागली नाही.

---

तटबंदी

१८२२ बद्दल लिहा. मला आठवतं ते फ्रेंच चित्रकार दलाक्रवाचं, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं त्या कत्तलीचं चित्र, १८२४ सालचं. पण नेमकं काय घडलं? इतकी सवलतीतली रयत बंड का करेल?

---

निळाई

बहुतेकांनी केलंच नाही, हीच तर शोकांतिका. १८२१ मध्ये ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तेव्हा खिओसचे पुढारी बाजूला राहिले. समोरच्या किनाऱ्यावर ऑटोमन फौज, साम्राज्यभर पसरलेल्या पेढ्या, गमावण्यासारखं सगळंच. मार्च १८२२ मध्ये शेजारच्या सामोस बेटावरून लिकुर्गोस लोगोथेतिस काही हजार माणसं घेऊन उतरला आणि त्याने किल्ल्याला वेढा दिला. काही शेतकरी त्याला मिळाले. शहरातले प्रतिष्ठित त्याच्यापुढे हतबल झाले. एप्रिलमध्ये कारा अलीचं ऑटोमन आरमार आलं. सामोसवाले बहुतेक निघून गेले आणि सूड बेटावर उगवला.

आकड्यांचे अंदाज फार वेगवेगळे आहेत. मेलेले हजारोंनी, आणि पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसं, त्यात बायका-मुलं जास्त, गुलाम म्हणून स्मिर्ना आणि कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारांत विकली गेली. नेआ मोनी हा अकराव्या शतकातला मठ, सम्राट कॉन्स्टंटाइन मोनोमाखोसने बांधवलेला, आतली सोनेरी मोझाइक पाहायला जग येतं. त्याच्या दाराशी एका छोट्या चॅपेलमध्ये काचेच्या कपाटात त्या वर्षी मारल्या गेलेल्यांच्या कवट्या मांडलेल्या आहेत. काहींवर घावाची खाच स्पष्ट दिसते. आश्रयाला आलेली माणसं होती ती.

मस्तकीची गावं सुरुवातीला वाचवली गेली, कारण माल थांबला असता. जून महिन्यात कनारिस या ग्रीक दर्यावर्द्याने अग्निनौकेने (पेटवून शत्रूच्या जहाजाला भिडवायची नाव) कारा अलीचं मुख्य जहाज उडवलं. अली त्यात मेला, आणि त्यानंतरच्या संतापात ही गावंही सुटली नाहीत. अडीचशे वर्षांचा सौदा काही आठवड्यांत संपला. युरोपभर संतापाची लाट उठली आणि ग्रीकांच्या बाजूने मत वळलं, पण बेटाला त्याचा लगेच काही उपयोग झाला नाही. १८८१ च्या भूकंपात पुन्हा हजारो माणसं गेली. ग्रीसमध्ये खिओस सामील झालं ते थेट १९१२-१३ मध्ये, बाल्कन युद्धात.

---

वऱ्हाडी_मळा

इथे एक धागा आमच्याकडे येतो. रॅली ब्रदर्स, कापूस घेणारी जुनी पेढी! ती मंडळी खिओसची ना?

---

निळाई

हो, खिओसचीच. रॅली, रोदोकानाकी, अर्जेंती, स्किलित्सी ही बेटावरची जुनी घराणी. १८२२ च्या आधीपासून त्यांच्यातले काही जण बाहेर होते, कत्तलीनंतर उरलेले विखुरले: लंडन, मार्सेय, त्रिएस्ते, ओडेसा. लंडनमध्ये पांडिया रॅलीने धंदा वाढवला. १८५१ मध्ये कोलकात्यात कचेरी, ताग आणि धान्यासाठी. १८६१ मध्ये मुंबईत. साल लक्षात घ्या, अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला तेच साल.

त्यांची पद्धत अशी की प्रत्येक बंदरात भाऊ, मेहुणा, भाचा. हुंडीमागे माणूस ओळखीचा. एका बेटावरून उठलेल्या घराण्यांनी आपसातल्या लग्नांनी हे जाळं विणलं होतं.

---

वऱ्हाडी_मळा

बरोबर. बंदरात बसून दलालाकडून घेण्याऐवजी ते आपली माणसं आतल्या बाजारपेठांत पाठवत, पार कापूसपट्ट्यापर्यंत. आमच्या पणजोबांच्या बोलण्यात 'रालीचा भाव' हा शब्द होता असं घरात सांगतात. आज रॅलीज इंडिया ही टाटांकडची शेतीऔषधांची कंपनी आहे, मुख्यालय मुंबईत. फवारणीच्या डब्यावरचं ते नाव एका बेटावरच्या कत्तलीतून तगलेल्या घराण्याचं आहे हे आमच्या गावात कुणाला ठाऊक असेल?

एक विचारतो. मस्तकीच्या शेतकऱ्याला भाव कोण देतं? व्यापारी?

---

निळाई

पूर्वी व्यापारीच देत आणि पाडून देत. १९३० च्या दशकात भाव कोसळले तेव्हा १९३८ मध्ये कायद्याने उत्पादकांची सहकारी संघटना झाली. गावागावांच्या सोसायट्या आणि त्यांच्यावर एक संघ. उत्पादकाने माल संघाकडेच द्यायचा, संघ प्रतवारी करतो, साठवतो, निर्यात करतो. 'एल्मा' हा च्युइंग गमही त्यांचाच. तेल, मद्य, दंतमंजन, सौंदर्यप्रसाधनं अशी मालाची यादी वाढली.

---

वऱ्हाडी_मळा

म्हणजे आपल्याकडची १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी. आमची योजना तोट्यात बुडाली, त्यांची ऐंशीहून जास्त वर्षं चालू आहे. फरक मला असा दिसतो की कापूस जगभर पिकतो, त्यामुळे सरकारी भाव आणि बाजारभाव यांची ओढाताण कधी संपली नाही. त्यांचं पीक जगात दुसरीकडे नाही, म्हणून भाव धरून ठेवता येतो. सहकाराचं यश त्या मालाच्या एकटेपणावर उभं आहे. तरी माल साठवून मंदी पार करायची शिस्त त्यांनी दाखवली, ती शिकण्यासारखी आहेच.

---

इंजिनरूम

मी मर्चंट नेव्हीत. ग्रीक मालकांच्या जहाजांवर कोकणातली, मुंबईतली पोरं पुष्कळ असतात. माझ्या एका जहाजाचा चीफ इंजिनियर उत्तर खिओसच्या कार्दामिलाचा होता. तो सांगायचा, गावात पुरुष दिसले तर समजायचं की पेन्शनर आहेत किंवा सुट्टीवर. लिव्हानोस घराणं त्याच गावचं. बाजूच्या ओइनूसेस या इवल्याशा बेटावरून लेमोस, पातेरास अशी जहाजमालकांची घराणी निघाली. बेटावर कायम राहणारी वस्ती काहीशे, आणि तिथल्या घराण्यांच्या जहाजांची यादी भल्या देशाच्या ताफ्याला भारी पडेल.

दुसऱ्या महायुद्धात ग्रीसचा बहुतेक ताफा बुडाला. १९४६-४७ मध्ये अमेरिकेने युद्धात बांधलेली १०० लिबर्टी जहाजं ग्रीक मालकांना विकली, ग्रीक सरकारच्या हमीवर. जहाजवाले आजही त्यांना आदराने आठवतात. त्यातली पुष्कळ खिओस-ओइनूसेसच्या घराण्यांकडे गेली. पैसा लंडन-न्यूयॉर्कमध्ये राहिला, तरी गावातली शाळा, चर्च, नाविक विद्यालय, धक्का त्याच पैशातून झालेले. तो चीफ गावी गेला की आधी चर्चमध्ये मेणबत्ती लावायचा, मग घरी.

---

साधी_माणसं

सगळ्यांचं लिखाण आवडलं. पण सौद्याची हुशारी सांगताना एक बाजू राहते आहे. प्राचीन खिओस म्हणजे गुलामांचं बेट. प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो की स्पार्टा सोडल्यास कुठल्याही एका ग्रीक नगरात एवढे गुलाम नव्हते. दुसरा इतिहासकार थिओपोम्पस तर स्वतः खिओसचा. तो म्हणतो की पैसे देऊन परदेशी गुलाम विकत घ्यायची रीत ग्रीकांत पहिल्यांदा खिओसने पाडली. त्यांची प्रसिद्ध वाइन, काळ्या समुद्रापर्यंत जाणारी तिची मडकी, हे कुणाच्या हातांनी?

---

निळाई

अगदी मान्य, आणि हे इथे यायलाच हवं होतं. इ.स.पू. ४१२ मध्ये खिओसने अथेन्सविरुद्ध उठाव केला. तोवर ते अथेन्सच्या संघातलं बडं, स्वतःचं आरमार राखणारं, खंडणीऐवजी जहाजं देणारं मित्रराज्य होतं. अथेन्सने बेटावर डेल्फिनियन इथे ठाणं बांधलं तसे गुलाम मालकांना सोडून पळाले आणि अथेन्सला मिळाले. थ्युसिडिडीसच म्हणतो की सगळ्यात जास्त नुकसान त्यांनी केलं, कारण त्यांना तो मुलूख ठाऊक होता. वर्षानुवर्षं द्राक्षमळ्यांत राबलेल्या माणसांना पायवाटा माहीत असणारच.

माओनाच्या काळात मस्तकीचे शेतकरीही कंपनीच्या हुकमाखालचे होते. सौदा करणारे वरचे होते, त्याची किंमत खालच्यांनी मोजली. १८२२ मध्येही बाहेर पेढ्या असलेल्यांना जायला जागा होती. गुलामांच्या बाजारात गेले त्यांतले बहुतेक तशी जागा नसलेले.

---

पिर्गी_पाहून_आले

आम्ही जर्मनीत राहतो, मागच्या काही वर्षांत उन्हाळ्यात खिओसला जाऊन आलो. जाणाऱ्यांसाठी थोडं.

पिर्गी चुकवू नका. घरांच्या भिंती काळ्या-पांढऱ्या भौमितिक नक्षीने भरलेल्या. आधी काळ्या वाळूचा गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा हात, आणि तो ओला असतानाच वरचा थर काट्यासारख्या हत्याराने खरवडून त्रिकोण, वर्तुळं, चौकटी. एक कारागीर काम करताना दिसला, हातात ना पट्टी ना कागद, दोरीने वर्तुळ काढून तो सरळ खरवडत होता. सज्ज्यांवर टोमॅटोच्या माळा वाळत टाकलेल्या. मेस्ताला गाडी बाहेर ठेवून चालत फिरा, वरून कमानींनी घरं जोडलेली आहेत.

२०१६ मध्ये उघडलेलं मस्तकीचं संग्रहालय दक्षिणेलाच आहे, बाहेर झाडं प्रत्यक्ष पाहता येतात. वाटेत जळके डोंगर दिसतील. ऑगस्ट २०१२ च्या वणव्यात मस्तकीची पुष्कळ झाडं गेली, जून २०२५ मध्येही बेट पुन्हा पेटलं. नवं झाड उत्पन्नाला यायला किती वर्षं लागतात ते वर आलंच आहे, त्यावरून शेतकऱ्याचं नुकसान समजतं.

---

वाटसरू_पूर्वेचा

तुर्कस्तानातून जाता येतं का? इझमिरला जायचा बेत आहे. आणि २०१५ च्या निर्वासितांच्या बातम्यांत हेच बेट होतं ना, आता वातावरण कसं आहे?

---

पिर्गी_पाहून_आले

हेच. त्या वर्षी याच सामुद्रधुनीतून रबरी होड्यांमधून सीरियन, अफगाण माणसं येत होती. पुढे व्हिआल इथे मोठी छावणी झाली. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या आजींची आई १९२२ मध्ये समोरच्या किनाऱ्यावरून अशीच नावेतून आली होती, आशिया मायनरमधल्या ग्रीकांना बाहेर पडावं लागलं तेव्हा. पहिल्या महिन्यांत गावाने खूप केलं, पुढे छावणी फुगत गेली तसा ताण वाढला, असं त्या म्हणाल्या.

चेश्मेहून बोटी आहेत, तासाभराच्या आत पोहोचता. आपल्या पासपोर्टवर शेंगेन व्हिसा हातात हवाच. २०२४ पासून तुर्की नागरिकांना मात्र बंदरावरच सात दिवसांचा व्हिसा मिळतो, त्यामुळे सुट्ट्यांत शहरातल्या खानावळी तुर्की कुटुंबांनी भरलेल्या असतात. तेव्हा गेलात तर खोली आधीच ठरवून ठेवा, आणि शक्य झालं तर शहराऐवजी कांबोसमध्ये घ्या. जुन्या वाड्यांतले काही आता पाहुण्यांसाठी उघडलेत, अंगणात विहिरीवरचं रहाटगाडगं आणि हौद अजून आहेत.